घरांतील विजेच्या उपकरणांची सफाई



दसरा उलटला म्हणजे आपल्या लोणी देवकरच्या परिसरांत घरोघर सफाईस आरंभ होतो. दिवाळीपूर्वीं हिंदु कुटुंबांत आणि नाताळापूर्वीं ख्रिस्ती कुटुंबांत भिंतींवरचीं जाळीं निघतात, माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें लख्ख होतात, गोधड्या व वाकळा धुऊन वाळत पडतात. या सर्व सफाईचा आत्मा पाणी हा होय. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत घराचें स्वरूप पार पालटून गेलें. ज्या घरीं एक दिवा व एक रेडिओ एवढेंच विजेचें वैभव होतें, तेथें आज टीव्ही, मिक्सर, फ्रीज, कूलर, इन्व्हर्टर, संगणक आणि माणशीं एक मोबाइल असा मोठा संसार मांडलेला दिसतो. घर बदललें, पण सफाईची रीत मात्र बदलली नाहीं. जो ओला फडका ओट्यावरून फिरतो, तोच टीव्हीच्या पडद्यावरून आणि मिक्सरच्या अंगावरूनही फिरतो.

यांत आणखी एक विसंगति आहे. विजेचा धडा आपण शाळेंत शिकतों. ओला फडका मात्र ज्या माउलीच्या हातीं असतो, तिला तो धडा बहुधा कोणीं शिकविलेला नसतो. मुलगा ओहमचा नियम घडाघडा म्हणून दाखवितो, आणि त्याच वेळीं त्याची आई किंवा बहीण कूलरची टाकी घासत असते. ज्ञान एकाकडे व जोखीम दुसऱ्याकडे, ही वांटणी मला बरी वाटत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेख वर्गांत वाचून ठेवून न देतां प्रत्येकानें घरीं मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि मुलांनीं फडका स्वतःच्या हातीं घ्यावा, अशी माझी विनंति आहे.

पुसण्या-झाडण्याचें काम हलकें, तें शिकलेल्या माणसाचें नव्हे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं मायकेल फॅरडे याचें चरित्र पाहावें. हा लोहाराचा मुलगा. लहानपणीं तो पुस्तकें बांधण्याचा धंदा शिकला, आणि १८१३ सालीं लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत सहायक म्हणून लागला. व्याख्यात्यांना मदत करणें हें त्याचें मुख्य काम. परंतु त्याबरोबरच संग्रहांतील नमुने दर आठवड्यास स्वच्छ करणें आणि काचेच्या कपाटांतील उपकरणें महिन्यांतून निदान एकदां पुसून ठेवणें, हेंही त्याच्या कर्तव्यांत स्पष्ट नमूद केलेलें होतें. त्याच फॅरडेनें १८३१ सालीं चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करण्याचें तत्त्व शोधून काढलें. धरणाच्या पायथ्याशीं असो वा कारखान्याच्या आवारांत, आज जीं जनित्रें फिरतात तीं याच तत्त्वावर. फॅरडे हा एका लहानशा, साध्या राहणीच्या ख्रिस्ती मंडळीचा निष्ठावान् सभासद होता, हेंही येथें सांगण्यास हरकत नाहीं.

आतां मळ म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडची धूळ एकजिनसी नसते. इंदापूर तालुका पर्जन्यछायेंतला. उन्हाळ्यांत शेतांतला फुफाटा उडतो, पुणें-सोलापूर महामार्गावरून वाहनांची धूळ येते, ऊसतोडीनंतर कोणी पाचट पेटविलें कीं काळे कपटे वाऱ्यावर तरंगत थेट अंथरुणावर येऊन पडतात, आणि स्वयंपाकघरांत फोडणीच्या तेलाचा सूक्ष्म थर सर्व वस्तूंवर हळूहळू बसत असतो. कोरडी माती, काजळी व तेलकट चिकटा या तिहींचा स्वभाव निराळा. म्हणून उपायही निराळा. माती कोरड्या कुंचल्यानें जाते. काजळी पुसली असतां पसरते, म्हणून ती आधीं फुंकून अथवा झटकून काढावी. तेलकट थरास मात्र साबणाच्या पाण्यांत बुडवून अगदीं घट्ट पिळलेलें कापड लागतें.

उपकरणें इतर सामानापेक्षां अधिक धूळ कां धरतात? एक कारण असें कीं, संगणकासारख्या ज्या यंत्रांत पंखा असतो, तीं बाहेरची हवा आंत ओढतात आणि हवेबरोबर धूळही आंत जाते. दुसरें कारण स्थिर विद्युत्. केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे उचलते, हा प्रयोग आपण केलेलाच आहे. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर साठलेली स्थिर विद्युत् धुळीचे कण त्याच रीतीनें ओढून धरते. कोरड्या फडक्यानें जोरजोरानें घासल्यास ती अधिकच उत्पन्न होते, म्हणून टीव्ही पुसल्यावर तासाभरांत त्यावर पुन्हां धूळ दिसूं लागते व घरची माणसें पुसणाऱ्याला बोल लावतात. दोष पुसणाऱ्याचा नसून घासण्याचा आहे.

धूळ नुसती कुरूप दिसते एवढाच तिचा अपराध असता तर तिच्यासाठीं एवढा प्रपंच नको होता. यंत्रांतील उष्णता बाहेर पडावी म्हणून त्याच्या पाठीस किंवा बुडास जाळी ठेवलेली असते. त्या जाळीवर धूळ बसली कीं यंत्राला ऐन वैशाखांत घोंगडी पांघरल्यासारखें होतें. त्यांतील विद्युत्संचायक नांवाच्या भागाचें तापमान दहा अंशांनीं वाढलें तर त्याचें आयुष्य सुमारें निम्म्यानें घटतें, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. दुसरा अपाय पावसाळ्यांतला. कोरडी धूळ वीज फारशी वाहून नेत नाहीं. पण आषाढ-श्रावणाच्या दमट हवेंत ती ओल शोषून घेते, तिच्यांतील क्षार विरघळतात, आणि ज्या दोन तारांमध्यें अंतर राखलेलें असतें त्यांच्यांत तिचा पूल तयार होतो. मग ठिणग्या, जळका वास, आणि एखाद्या दिवशीं धूर. यावरून माझें मत असें झालें आहे कीं, विजेच्या उपकरणांची खरी सफाई दिवाळींत नव्हे, तर मृग नक्षत्रापूर्वीं व्हावी. दिवाळीची सफाई पाहुण्यांसाठीं, मृगापूर्वींची यंत्रांसाठीं.

येथेंच दुसऱ्या एका जातीच्या भाडेकरूंचा उल्लेख केला पाहिजे. भिंतींतील प्लगच्या छिद्रांत कुंभारीण माशी मातीचें घर बांधते, स्विचबोर्डांत मुंग्या अंडीं घालतात, आणि पाल उबेसाठीं आंत शिरून दोन तारांवर एकदम पाय ठेवते व स्वतःही मरते, वीजही घालविते. हीं घरें तारेनें अथवा खिळ्यानें टोकरून काढूं नयेत. मुख्य स्विच बंद करून, जाणत्या माणसाकडून बोर्ड उघडवून तीं काढावींत. वापरांत नसलेल्या छिद्रांना प्लास्टिकचीं झांकणें मिळतात. लहान मूल घरांत असल्यास तीं दुहेरी उपयोगाचीं आहेत.

आतां मुख्य नियमाकडे वळूं. वीज तोडल्यावांचून उपकरणास हात लावूं नये, हा नियम कोणास ठाऊक नाहीं? परंतु वीज तोडणें म्हणजे नक्की काय, याविषयीं मोठा घोळ असतो. आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची. ती दोन तारांनीं येते. एकीस फेज व दुसरीस न्यूट्रल म्हणतात. धक्का देणारी ती फेज. भिंतीवरचा स्विच या फेजच्या तारेंत बसविलेला असावा असा नियम आहे. पण घाईनें केलेल्या वायरिंगमध्यें तो कित्येकदां न्यूट्रलमध्यें बसविलेला असतो. अशा ठिकाणीं स्विच बंद केल्यावर यंत्र थांबतें, दिवा विझतो, सर्व कांहीं शांत दिसतें. फेज मात्र यंत्राच्या अगदीं आंतपर्यंत जागीच राहते. थांबलेलें यंत्र म्हणजे निर्जीव यंत्र नव्हे. म्हणून ज्याला प्लग आहे त्याचा प्लग उपटून डोळ्यांसमोर ठेवावा, आणि मगच फडका उचलावा. प्लग काढतांना वायर ओढूं नये, प्लगचें अंग धरावें. हात कोरडे असावे. टीव्ही रिमोटनें बंद केला कीं तो बंद झाला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो रिमोटची वाट पाहत जागा असतो, हें त्याच्या कोपऱ्यांतील लहानसा लाल दिवा सांगतच असतो.

छताच्या पंख्याला किंवा दिव्याला उपटण्याजोगा प्लग नसतो. तेथें घराचा मुख्य स्विच बंद करणें हाच मार्ग. पण ज्या घरीं इन्व्हर्टर आहे तेथें एवढ्यानें भागत नाहीं! मुख्य स्विच बंद होतांच इन्व्हर्टरला वाटतें कीं गांवची वीज गेली, आणि तो इमानदार नोकराप्रमाणें तत्काळ पंख्याला व दिव्यांना बॅटरींतून वीज पुरवूं लागतो. ती वीजही २३० व्होल्टचीच असते. म्हणून इन्व्हर्टर निराळा बंद करावा, आणि त्यानंतर टेस्टर लावून पाहावा. टेस्टरचाही भरंवसा आंधळेपणानें धरूं नये: जेथें वीज आहे हें ठाऊक आहे तेथें तो आधीं लावून पाहावा, दिवा लागतो याची खात्री करावी, मग कामाच्या जागीं लावावा. हा सर्व तपास घरांतील वडीलधाऱ्यांनीं किंवा वायरमननें करावयाचा, मुलांनीं नव्हे.

प्लग काढल्यावरही कांहीं यंत्रांच्या पोटांत वीज शिल्लक राहते. १७४५-४६ च्या सुमारास हॉलंडांतील लायडेन शहरीं मुशेनब्रूक नांवाच्या प्राध्यापकाच्या प्रयोगांत काचेच्या बरणींतील पाण्यांत वीज सांठली, आणि तिचा असा धक्का बसला कीं सर्व युरोपांत त्याची चर्चा झाली. त्या बरणीचा वंशज म्हणजेच वर सांगितलेला विद्युत्संचायक. मायक्रोवेव्ह भट्टींत जो असतो त्यांत सुमारें दोन हजार व्होल्टची वीज सांठते व ती यंत्र बंद झाल्यावरही कांहीं काळ टिकूं शकते. जुन्या, मोठ्या पोटाच्या टीव्हींतही तोच धोका. तेव्हां आपल्या सफाईची सीमा उपकरणाच्या बाह्य अंगापर्यंतच. स्क्रू काढून आंत शिरणें हें काम शिकलेल्या कारागिराचें.

आतां ज्या यंत्राविषयीं मला सर्वांत अधिक सांगावयाचें आहे त्याकडे येतों. तें यंत्र म्हणजे कूलर. मार्च महिना सरूं लागला कीं माळ्यावरचा किंवा गोठ्यांतला कूलर खालीं येतो. त्याचें अंग पुष्कळदां पत्र्याचें, पोटांत पाणी, पाण्यांत बुडालेला विजेचा पंप, वर विजेची मोटार, आणि तो ठेवलेला असतो ओल्या जमिनीवर. घरांतील दुसऱ्या कोणत्याही वस्तूंत पाणी, धातू आणि वीज यांचा इतका निकट सहवास नसतो. उन्हाळ्यांत कूलरमध्यें पाणी भरतांना किंवा तो पुसतांना धक्का बसून माणसें दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रांतल्या वर्तमानपत्रांत पुनःपुन्हां वाचावयास मिळतात.

येथें आपला ओहमचा नियम उपयोगीं पडतो. प्रवाह म्हणजे दाब भागिलें विरोध. कोरड्या, जाड कातडीचा विरोध एक लक्ष ओहमपर्यंत असूं शकतो; २३० ला एक लक्षानें भागलें तर येतात २.३ मिलिअँपिअर, म्हणजे केवळ झिणझिण्या. पण हात ओला, पाय अनवाणी व जमीन भिजलेली असली तर शरीराचा विरोध एक हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिलें १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. आणि छातींतून शंभर मिलिअँपिअरचा प्रवाह एखाद-दोन सेकंद गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यु येऊं शकतो. माणूस तोच, वीज तीच, घर तेंच. फरक काय तो ओल्या हाताचा.

“पण आमच्या घरीं एमसीबी आहे, धक्का बसला तर ती पडेल,” असें पुष्कळ जण म्हणतात. हा समज घातक आहे. एमसीबी अथवा जुना फ्यूज सहा, दहा किंवा सोळा अँपिअरच्या पुढें प्रवाह गेला म्हणजे तुटावयाचा. माणसाच्या अंगांतून जाणारा २३० मिलिअँपिअरचा प्रवाह सहा अँपिअरच्या सव्विसाव्या हिश्शाएवढाही जेमतेम भरतो. एमसीबीला त्याची दखलही नसते. ती घराच्या तारा जळूं नयेत यासाठीं आहे, माणसासाठीं नव्हे. माणसासाठीं असतो तो आरसीसीबी नांवाचा निराळा स्विच. फेजमधून जितकी वीज गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली कीं नाहीं, याचा तो अष्टौप्रहर हिशेब ठेवतो. आणि ३० मिलिअँपिअरची तूट आली कीं, ती कोणाच्या तरी शरीरांतून जमिनींत जात असावी असें मानून, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों वीज तोडतो. त्यावर परीक्षेचें एक लहान बटण असतें, तें वेळोवेळीं दाबून पाहावें. दाबतांच वीज गेली पाहिजे. नवीं घरें बांधणारांनीं रंगाच्या एका हातापेक्षां या स्विचावर आधीं खर्च करावा, असें मी आग्रहानें म्हणेन.

कूलरच्या पाण्याविषयींही थोडें रसायनशास्त्र. अगदीं शुद्ध पाणी विजेचें वाईट वाहक होय. वीज वाहते ती पाण्यांत विरघळलेल्या क्षारांमुळें. आपल्या भागांतल्या बोअरचें पाणी किती जड आहे, हें डाळ शिजवणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे; नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रांत तर अतिपाण्यानें जमिनीही क्षारपड झाल्या. कूलरमध्यें काय घडतें? पाण्याची वाफ होऊन ती उडून जाते, पण क्षार मागें राहतात. आपण वरून नवें पाणी ओततों, त्याचेही क्षार मागें राहतात. असें होतां होतां मे महिन्यांत टाकींतलें पाणी मार्चपेक्षां कितीतरी पट खारट, म्हणून विजेचें कितीतरी अधिक चांगलें वाहक झालेलें असतें. तेव्हां पाण्यांत पाणी ओतीत न राहतां आठवड्यांतून एकदां टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूच्या डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. त्यामुळें हा साप्ताहिक नेम त्या बाजूनेंही हितकर आहे.

हें काम करण्याची रीत अशी. प्रथम प्लग काढून वायर कूलरच्या माथ्यावर, पाणी लागणार नाहीं अशी गुंडाळून ठेवावी. मग बुच काढून पाणी वाहूं द्यावें. गवताच्या ताट्या काढून बाहेर झटकाव्या. त्या कुजल्या असतील तर बदलाव्या, धूत बसूं नये. टाकीच्या तळाशीं व पंपावर जो पांढरा टणक थर बसतो तो बहुतांशीं चुन्याच्या जातीचा असतो. त्यावर लिंबाचा रस किंवा शिरका पाण्यांत मिसळून अर्धा तास ठेवला कीं फसफसून तो सुटतो. हा आम्लपदार्थ वापरतांना ब्लीचिंग पावडर मात्र कदापि जवळ आणूं नये, कारण दोहोंच्या संयोगानें विषारी क्लोरिन वायु निघतो. मोटारीवर पाणी मारूं नये, कोरडा कुंचला फिरवावा. पंपाच्या वायरचें आवरण कोठें तडकलें आहे काय तें दिवसाच्या उजेडांत बोट बोट पाहावें. तडकलेल्या वायरला चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हां पाण्यांत सोडणें म्हणजे संकटाला आमंत्रण. सर्व कांहीं वाळल्यावर पाणी भरावें, आणि पाणी भरून हात पुसल्यानंतरच प्लग लावावा. चालू कूलरमध्यें घागर ओतण्याची जी संवय घरोघर आहे, ती मोडलीच पाहिजे.

प्लगला तीन पाय असतात, त्यांतला जाड पाय अर्थिंगचा. पत्र्याच्या अंगांत उतरलेली वीज जमिनींत नेण्यासाठीं तो असतो. भिंतींत दोनच छिद्रें आहेत म्हणून हा तिसरा पाय कापून टाकणारे बहाद्दर मीं पाहिले आहेत. पायांत रबरी चप्पल आहे म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ. ओली, झिजलेली चप्पल, आणि दुसरा हात भिंतीला किंवा नळाला टेकलेला. अशा वेळीं चप्पल काय करणार?

कोणास धक्का बसून तो चिकटला असेल तर त्यास हातानें ओढूं नये, नाहींतर एकाचे दोन होतात. आधीं मुख्य स्विच पाडावा. तो दूर असेल तर कोरड्या जागेवर उभें राहून कोरड्या लाकडी काठीनें किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनें त्यास तारेपासून वेगळें करावें. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटास शंभर ते एकशेंवीस या गतीनें जोरानें दाब देत राहावें, आणि दुसऱ्यानें १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्या माणसासही डॉक्टरकडे नेलेंच पाहिजे.

आतां पडद्यांकडे वळूं. जुन्या टीव्हीचा पडदा जाड काचेचा होता. आजचा बहुधा पातळ प्लास्टिकच्या थरांचा असतो, आणि चकाकी कमी व्हावी म्हणून त्यावर नाजूक लेप दिलेला असतो. काच पुसण्याच्या निळ्या द्रावणांत कित्येकदां अमोनिया असतो. तो हा लेप खातो, व पडद्यावर कधींही न जाणारे ढग उमटतात. राख, दंतमंजन, खरखरीत टॉवेल, वर्तमानपत्राचा कागद हे सर्व वर्ज्य. पडदा बंद करून थंड होऊं द्यावा. अंधाऱ्या पडद्यावर डागही स्पष्ट दिसतात. मग मऊ कुंचल्यानें धूळ वरून खालीं उतरवावी, कारण मातीचा कण फडक्याखालीं सांपडला तर तो कानशीसारखा ओरखडे काढतो. नंतर जुन्या, अनेकदां धुतलेल्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा अगदीं थोडा ओलसर करून हलक्या हातानें फिरवावा. पाणी कापडावर घ्यावें, पडद्यावर कधींही शिंपडूं नये. शिंपडलेला थेंब खालच्या कडेनें आंत उतरतो, आणि तेथेंच बहुधा विजेचे नाजूक सांधे असतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडत असतील तर ट्रॅक्टरच्या बॅटरींत घालावयाचें ऊर्ध्वपातित पाणी थोडें वापरावें. मात्र तें सीलबंद बाटलींतलेंच असावें. पंपावर शेजारींच बॅटरीचें आम्लही ठेवलेलें असतें.

मोबाइलची कथा निराळी, कारण तो दिवसभर हातांत, शेतांत, गोठ्यांत व जेवणाच्या ताटाशेजारीं असतो. २०२० सालच्या साथींत लोकांनीं त्याला अक्षरशः सॅनिटायझरनें आंघोळ घातली. त्या वर्षीं ॲपल कंपनीनें आपल्या सूचनांत सुधारणा करून सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ओलसर केलेल्या कापडानें पृष्ठभाग हलकेच पुसण्यास संमति दिली; ओतण्यास वा बुडविण्यास नव्हे. हें द्रव्य भडकन पेट घेतें, म्हणून चूल, गॅस व देवापुढील दिवा यांपासून दूर, खिडकीजवळ वापरावें, आणि तें पूर्ण उडून जाईपर्यंत यंत्र चालू करूं नये. चार्जरच्या छिद्रांत खिशांतील सुताचा बोळा दाबून बसतो व मग “चार्जर बिघडला” अशी तक्रार येते. फोन बंद करून लाकडी दांतकोरणीनें तो बोळा अलगद काढावा. टांचणी किंवा सेफ्टीपिन आंत घालूं नये, तिनें आंतील पितळी पाती वांकतात व दोन पाती जोडल्याही जातात. फोन पाण्यांत पडला तर तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा उपाय सर्वतोमुखीं आहे, पण तो निरुपयोगी. तांदूळ बाहेरची ओल थोडी घेईल, आंतली नव्हे. उलट कोंडा व पीठ मात्र छिद्रांत शिरतें. फोन तत्काळ बंद करून, पुसून, छिद्र खालीं ठेवून पंख्याच्या वाऱ्यांत निदान दिवसभर ठेवावा, आणि तोंवर चार्जर लावूं नये.

मिक्सरविषयीं थोडक्यांत: भांडें नळाखालीं, मोटारीचें अंग कधींही नाहीं. पातें हातानें चाचपतांना भांडें मोटारीवरून उतरविलेलें असावें. फ्रीजच्या पाठीस काळी जाळी असेल तर वर्षांतून दोनदां कुंचल्यानें झाडावी, वीजही थोडी वांचते. बर्फ सुरीनें खरवडूं नये. पत्र्यांतील नळीस भोंक पडलें तर आंतला वायु जातो, आणि आजच्या पुष्कळ फ्रीजमधला वायु ज्वालाग्राही असतो. छताच्या पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला तर सारी धूळ अभ्र्यांत येते, डोळ्यांत पडत नाहीं. ही युक्ति कोणा अज्ञात गृहिणीची असावी, आणि ती पुस्तकांतल्या कित्येक युक्त्यांपेक्षां सरस आहे.

रिमोटमध्यें विसरलेले सेल फुटून पांढरा भुगा निघतो. अल्कलाइन जातीच्या सेलांतील भुगा अल्कधर्मी असतो, म्हणून तो कापसाच्या काडीवर शिरक्याचा एक थेंब घेऊन पुसावा. आम्ल आणि अल्क एकमेकांस कसे उदासीन करतात याचा हा घरचा प्रयोग. बोटांत रबरी मोजे असावे, डोळे चोळूं नयेत, आणि सारें वाळल्यावांचून नवे सेल घालूं नयेत.

उरली ती फुगलेली बॅटरी. मोबाइलचें मागचें झांकण वर उचललेलें दिसलें तर तें दाबून बसवूं नये, बॅटरीस टोचूं नये, आणि तो फोन पुन्हां चार्जिंगला लावूं नये. आंत वायु सांठलेला असतो व छिद्र पडतांच ती पेट घेऊं शकते. ती उकिरड्यावर किंवा पाचटाच्या ढिगांत टाकूं नये. टाकाऊ विद्युत् उपकरणांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर ठेवणारे नवे नियम भारत सरकारनें २०२२ सालीं केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते अंमलांत आले. बॅटऱ्यांसाठींही त्याच वर्षीं निराळे नियम झाले. तेव्हां अशी बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यांत घालून, घराबाहेर सावलींत ठेवावी, आणि दुरुस्तीच्या दुकानांत किंवा त्या कंपनीच्या सेवाकेंद्रांत नेऊन द्यावी. एसटीच्या गर्दींत ती खिशांत घालून मात्र नेऊं नये.